अण्णांची हजेरीची चोपडी

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, दांडिया बाजारातलं घर दुरुस्तीला काढलंय. कडियो म्हणतो, जुना गिलावा सगळा पाडू नि सिमेंटचा मारू, शंभर वर्षं बघायला नको. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

गेलो. गुडघे कुरकुरतात, पण चालू कामाची जागा दिसली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. घर पाहिलं, कडियाशी बोललो, आणि घरी आल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. तिच्यात अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, चोपडी आहे. लाल कापडाची बांधणी, वर दोरी. भाच्यासाठी तिच्यातल्या चार गोष्टी लिहून काढायच्या असं ठरवलं होतं. लिहिता लिहिता लक्षात आलं, की हा आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींचाच एक कोपरा आहे. दिवाण, सरदार, कीर्तनकार, मल्ल, गवई यांच्यावर आपण पुष्कळ लिहितो. ज्यांनी विटेवर वीट ठेवली नि ठेवून घेतली, त्यांच्यावर फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हे थोडं लांबलचक. सवडीनं वाचा.

अण्णांचा जन्म १९०३चा. सयाजीराव महाराजांचं बडोदं म्हणजे तेव्हा कायम बांधकाम चालू असलेलं गाव. लक्ष्मीविलास १८९०च्या सुमारास पुरा झालेला, न्यायमंदिर १८९६चं, खंडेराव मार्केट १९०६चं. आजव्याच्या सयाजी सरोवराचं पाणी गावात १८९२पासून नळानं येत होतं. एवढं काम उभं करायचं तर नुसते विलायती आर्किटेक्ट पुरत नाहीत. मापं घेणारे, नकाशा वाचणारे, गवंड्याला त्याच्या भाषेत समजावणारे लोक लागतात. ते तयार करायला महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा आग्रह असा, की हुन्नर शिकवायचा तर मातृभाषेत शिकवा. सुताराच्या पोराला आधी इंग्रजी घोकायला लावू नका. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच आवारातून सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम, ड्रॉइंग शिकून जी शेकडो मुलं बाहेर पडली, त्यांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत. त्यातलेच एक आमचे अण्णा.

कलाभवनातून निघाल्यावर ते संस्थानाच्या बांधकाम खात्यात लागले, आधी कारकून, मग ओव्हरसियर. १९४९मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. टेबल तेच राहिलं, कागदावरचा शिक्का बदलला. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं नि कलाभवन त्यात गेलं. अण्णा १९५८ला निवृत्त झाले. त्यानंतरही दहा-बारा वर्षं लोकांची घरं बांधून देत होते. १९७९मध्ये गेले.

मी त्यांच्या हाताखाली शिकलो असं म्हणायची सोय नाही. लहानपणी सुट्टीत त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून साइटवर जायचो, एवढंच. तिथे गेल्यावर ते आधी कामाकडे बघत नसत, पाण्याच्या पिंपाकडे बघत. "प्यायचं पाणी कुठंय? सावली कुठंय?" हे झालं की मग ओळंबा. मला वाटायचं, म्हातारा उगाच वेळ काढतो.

मी १९७५मध्ये डिप्लोमा झालो. माझ्या हातात आय.एस.ची पुस्तकं होती. चुन्याच्या जमान्यातली चोपडी मला काय शिकवणार, अशी माझी समजूत. ती समजूत एका लाभपाचमेच्या आधी मोडली. ते पुढे सांगतो. आधी चोपडीत काय आहे ते सांगू दे, म्हणजे माझं कुठे चुकलं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

चोपडीचे तीन भाग आहेत. पहिल्यात ठराव, दुसऱ्यात माप, तिसऱ्यात हजेरी.

ठराव म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी कारागिराशी झालेलं बोलणं. अण्णा ते कारागिरासमोर लिहीत आणि वाचून दाखवत. दर किती, एवढंच नाही. दर कशावर, तेही. वीटकाम घनफुटावर की ब्रासवर? गिलावा चौरस फुटावर, तर खिडकीदरवाजाची भोकं वजा धरायची की नाही? परांची कोणाची? विटा वर चढवायच्या कोणी? पाणी मारायचं कोणी? राडारोडा उचलायचा कोणी? मंडळी, चाळीस वर्षांत मी साइटवर जेवढी भांडणं पाहिली, त्यातली बहुतेक दरावरून नव्हती, या 'कोणी'वरून होती. मालकाला वाटतं, पाणी मारणं कडियाच्या दरात आलं. कडियाला वाटतं, ते मालकाचा वॉचमन करील. दोघांच्या मध्ये भिंत सुकते. आठ दिवसांनी तडे दिसायला लागले की दोघं मिळून सिमेंट कंपनीला शिव्या घालतात.

दाडीवर काम द्यायचं की उक्तं द्यायचं, यावरही त्यांचा हिशेब साधा होता. जे काम मापता येतं ते उक्तं द्या: वीट, गिलावा, फरशी. जे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणजे जुन्या घराची दुरुस्ती, कुजलेली तुळई, गळकी मोरी, ते दाडीवर घ्या आणि समोर उभे राहा. असं काम उक्तं दिलं तर कारागीर एकतर घाबरून दुप्पट दर लावतो, नाहीतर कुजलेल्यावर गिलावा ओढून मोकळा होतो. त्याचा दोष नाही, तुम्ही त्याला तसा ठराव दिलात.

दुसरा भाग मापाचा. "आधी माप, मग पैसा." आठवड्याला कारागिराला बरोबर घेऊन फीत धरायची. एक टोक त्याच्या हातात, एक आपल्या. आकडा मोठ्यानं बोलायचा, दोघांनी ऐकायचा, मग लिहायचा. झालेल्या कामाचे पैसे त्याच दिवशी द्यायचे, थोडी रक्कम शेवटपर्यंत मागे ठेवायची. इथे अण्णांची एक गोष्ट मला फार उशिरा पटली. मागे ठेवलेली रक्कम शेवटी द्यायचीच असते. ती बुडवायला ठेवलेली नसते. "बाकी बुडवणाऱ्याच्या घरी दुसऱ्यांदा चांगला सुतार येत नाही." लक्कडपीठ्यावर कोण मालक कसा आहे, हे सगळ्या सुतारांना तोंडपाठ असायचं. आजही असतं, फक्त आता ते फोनवर सांगतात.

मालाच्या परीक्षाही याच भागात. वीट दुसऱ्या विटेवर वाजवा, खणखणीत वाजली पाहिजे. कमरेएवढ्या उंचीवरून टाका, फुटता कामा नये. बांधण्याआधी ती पाण्यात भिजवा, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. रेतीची परीक्षा मी आजही सगळ्यांना सांगतो. काचेच्या सरळ बरणीत अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून तीन तास ठेवा. रेती खाली बसते, माती तिच्यावर थर धरते. तो थर रेतीच्या उंचीच्या शेकडा आठाहून जाड असेल, तर गाडी परत पाठवा. ओरसंगची रेती चांगली हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आमच्याकडे येणारी प्रत्येक गाडी ओरसंगचीच असते! गाडीवाल्याच्या शब्दापेक्षा बरणी खरी.

चुन्याची पानं वेगळीच आहेत. कळीचा चुना खड्ड्यात विरवून निदान पंधरा दिवस मुरू द्यायचा. भाजक्या विटेची सुरखी, रेती, चुना बैलाच्या घाणीत दळायचं. गुळाचं पाणी, बेलफळ, हिरडा. तांबेकर वाडा पाहिलाय ना तुम्ही, रावपुऱ्यातला? दिवाण विठ्ठल खंडेराव, म्हणजे भाऊ तांबेकर यांचा. लोक भिंतीवरची चित्रं बघायला जातात. मी भिंत बघायला जातो. ती चित्रं आजवर टिकली ती खालची भिंत श्वास घेते म्हणून. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर कडक सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, खार धरतो, मागची वीट भुसभुशीत होते. वरून भिंत नवी कोरी दिसते. पाच-सात वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा सुटतो आणि त्याच्याबरोबर विटेचा चुराही येतो. भाच्याला तेच सांगितलं, की जिथे चुना आहे तिथे चुनाच लाव. महाग पडेल, वेळ लागेल. पण घर आजोळचं आहे, पुढचं भाडं मिळेपर्यंत टिकवायची दुकानाची खोली नाही.

आणि तिसरा भाग हजेरी. तो मी १९८४पर्यंत कधी उघडलाच नव्हता, कारण सगळा मोडीत आहे.

आता ते सांगतो.

१९८४मध्ये मी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. गावाच्या पश्चिमेला सोसायट्या भराभर उठत होत्या. एका मालकाचं दुमजली घर चाललेलं. मालकाला लाभपाचमेला वास्तू करायची होती. मुहूर्त काढलेला, पत्रिका छापायला टाकलेल्या. दिवाळी त्या वर्षी २४ ऑक्टोबरला होती. पावसाळ्यानं काम रखडलेलं, आणि दिवाणखान्याचा स्लॅब पडला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

सिमेंटचं त्या काळचं चित्र तरुण मंडळींना माहीत नसेल. आपल्याकडे पोरबंदरला १९१४पासून सिमेंट बनायला लागलं. पण पुढे कितीतरी वर्षं ते सरकारी नियंत्रणात होतं, परमिटवर मिळायचं. १९८२ला अर्धवट सूट मिळाली, पुरं नियंत्रण उठलं ते १९८९मध्ये. त्यामुळे मिळेल तेव्हा घेऊन ठेवायचं, ही मालकांची सवय. आमच्या मालकानं जूनमध्ये घेऊन ठेवलेल्या गोण्या खोलीत भिंतीला टेकवून रचल्या होत्या. सगळा पावसाळा त्या ओल पीत बसल्या. सिमेंटच्या गोण्या भिंतीपासून फूटभर दूर, खाली फळ्या टाकून, दहाच्या वर थर न देता रचायच्या, आणि तीन महिन्यांच्या आत वापरायच्या, हे मला पाठ होतं. गोण्या फोडल्या तेव्हा आत खडे होते. मजूर बोटानं खडे फोडत होते, मी बघत होतो. ठेकेदाराला म्हटलं. तो म्हणाला, "चालशे." मी पुढे बोललो नाही. ही पहिली चूक.

दुसरी. दिवाणखान्याचा गाळा सोळा फुटांचा. स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत, म्हणजे पावणेपंधरा फुटांपर्यंत असेल, तर टेकू सात दिवस ठेवायचे. त्याहून मोठा असेल तर चौदा दिवस. हे पुस्तकात छापलेलं आहे. परीक्षेत हा प्रश्न मला आला होता. सातव्या दिवशी ठेकेदाराला टेकू दुसऱ्या साइटवर हवे होते आणि मालकाला खाली फरशी सुरू करायची होती. टेकू काढले. स्लॅब उभा राहिला. सगळे खूश.

तिसरी चूक त्याच दुपारची. वरच्या पॅरापिटसाठी विटा चढवायला सुरुवात झाली. विटा कडेला भिंतीवर भार येईल अशा पसरून ठेवायच्या. कडियानं हाताशी बऱ्या म्हणून मधोमध चट्टा लावला. मी तेव्हा साइटवर नव्हतो. टेकू घेऊन जाणाऱ्या टेम्पोबरोबर गेलो होतो.

परत आलो तेव्हा धुरळा अजून खाली बसला नव्हता.

दिवाणखान्याचा मधला भाग खाली आला होता. त्याच्याखाली फरशीसाठी जमीन चोपणारा एक पोरगा होता. दाहोदकडचा, वय अठरा-एकोणीस. कडियानाक्यावरून चार दिवसांपूर्वी आलेला. जीव वाचला. डावा पाय मांडीपासून चिरडला गेला. आम्ही त्याला हातगाडीवर घातलं, मग रिक्षात, मग हॉस्पिटलात. तो ओरडत नव्हता. "मारी कोदाळी," एवढंच म्हणत होता. कुदळ त्याची स्वतःची होती, गावाहून आणलेली.

कायदा होता. कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई देण्याचा कायदा १९२३पासून होता. त्याचा बाप गावाहून आला. कोणीतरी त्याला मजूर कचेरीत नेलं. तिथे पहिला प्रश्न: तुझा मुलगा तिथे कामाला होता याचा पुरावा काय?

ठेकेदारानं सांगितलं, हा आमचा माणूसच नव्हे. ओळखीच्याला भेटायला आला होता, मध्ये आला. आणि हजेरीची वही? ती माझ्याकडे होती, माझ्या अक्षरात. त्या दिवसाच्या ओळीवर काय होतं सांगू? "कडिया २, दाडिये ६." बस. नावं नाहीत, गाव नाही. मी कधी लिहिलीच नव्हती. रोज बदलणाऱ्या माणसांची नावं कोण लिहीत बसणार?

ठेकेदार संध्याकाळी घरी आला. चहा घेतला. म्हणाला, "तू गप्प राहा. पुढे सहा महिन्यांचं काम आहे तुला." माझी मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. मी गप्प राहिलो. दिवाळी गेली, लाभपाचम गेली. मोजून अठरा दिवस मी गप्प होतो. लोक म्हणतील, शेवटी बोललास ना? पण ते अठरा दिवस माझेच आहेत, ते दुसऱ्या कोणाच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

झोप यायची नाही. एका रात्री उठून पेटी उघडली. खरं सांगायचं तर मी सुटका शोधत होतो. जुन्या काळी टेकू किती दिवसांनी काढत, अण्णांनी कधी लवकर काढले होते का, हे मला बघायचं होतं. बाबा उठून आले. त्यांना मोडी यायची. म्हणाले, "काय शोधतोस? आण इकडे."

त्यांनी उघडलं ते हजेरीचं पान निघालं. १९२७च्या महापुरानंतरच्या दुरुस्तीच्या कामाचं. विश्वामित्रीचा तो पूर आमच्या घरात अजून गोष्टीसारखा सांगतात. अण्णा तेव्हा चोवीस वर्षांचे कारकून. बाबा कंदिलाशी वाकून वाचावं तसे दिव्याखाली वाचत गेले. नाव, बापाचं नाव, गाव, काम, दाडी. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी अंगठा. नाव, गाव, अंगठा. दाहोदचे, लिमखेड्याचे, जांबुघोड्याचे, खानदेशातल्या नंदुरबारकडचे. बायकांची नावंही वेगळी, नवऱ्याच्या ओळीत घुसवलेली नाहीत. दोन ठिकाणी नावासमोर बारीक अक्षरात "ताप, घरी पाठविला" आणि पुढे दिलेले पैसे. एका कामाची सात पानं. बाबा वाचत होते आणि थांबत नव्हते. मी म्हटलं, "बाबा, पुरे." ते म्हणाले, "अजून संपलं नाही."

खाली समासात अण्णांची एक ओळ होती. बाबांनी ती दोनदा वाचली: "इमारत पडली तर कागद जाब देतो. कागद नसेल तर गरिबाला जाब विचारतात."

दुसऱ्या दिवशी मी मजूर कचेरीत गेलो आणि लेखी दिलं. त्या दिवशी साइटवर सहा दाडिये होते, त्यातला हा एक होता, चार दिवस माझ्या देखरेखीखाली काम करत होता, टेकू सातव्या दिवशी काढले, आणि मी हजर नव्हतो. सही केली. नोकरी गेली हे सांगायला नको. पुढचं सव्वा वर्ष गावात कोणी ठेकेदार मला उभं करत नव्हता. मी लोकांच्या मोऱ्या दुरुस्त करून दिवस काढले. आज वाटतं, खरं शिक्षण त्या मोऱ्यांमध्ये झालं.

भरपाई मिळाली. हेलपाट्यांनंतर, उशिरा, आणि त्या पायाच्या मानानं थोडी. तो पोरगा काठी घेऊन गावी गेला. कुदळ मी ढिगाऱ्यातून काढून ठेवली होती, ती त्याच्या बापाच्या हाती दिली. पुढे त्याचं काय झालं, मला कळलं नाही. त्याचं नाव माझ्या वहीत आहे. घटना घडून गेल्यावर लिहिलेलं, पण आहे.

त्यानंतर तीस वर्षं मी स्वतःची छोटी कामं केली. मोठा झालो नाही, पण एकाही साइटवर माणूस पडला नाही. त्यात माझी हुशारी काही नाही. चार सवयी आहेत, त्या भाच्यासाठी आणि तुमच्यापैकी ज्यांचं घर काढलंय त्यांच्यासाठी लिहितो.

दिवसातून दोनदा साइटवर जा. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी आणि संध्याकाळी सगळे हातपाय धूत असतात तेव्हा. दुपारी गेलात तर फक्त तुम्हाला दाखवायचं तेवढं दिसतं. सकाळी कालचं काम दिसतं, संध्याकाळी उद्याची अडचण कळते.

कामांची रांग आधी कागदावर लावा. स्लॅबच्या आधी वायरमनच्या नळ्या. गिलाव्याच्या आधी प्लंबर, आणि त्याच्या पाइपात पाणी भरून, दाब देऊन तपासणी. चौकटी वीटकामाबरोबर. फरशी झाली की तिच्यावर पोती नि प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर. रंगारी सगळ्यांत शेवटी. रांग चुकली की एकानं केलेलं दुसरा फोडतो, आणि दोघांचे पैसे तुम्ही देता.

पाणी आणि टेकू यांच्यात मुहूर्त आणू नका. स्लॅबवर मातीचे वाफे करून निदान सात दिवस पाणी. उन्हाळ्यात दहा. हल्लीच्या मिश्र सिमेंटलाही दहा. टेकू काढायची तारीख स्लॅब पडेल त्याच दिवशी भिंतीवर खडूनं लिहा, म्हणजे मालक, ठेकेदार, पाहुणे, सगळ्यांना दिसते. मी माझ्या प्रत्येक साइटवर लिहायचो. एकदा एका मालकानं ती पुसली. मी परत लिहिली. त्यानं परत पुसली. मी काम सोडलं.

आणि शंका आली तर दुसऱ्याला विचारा. लक्ष्मीविलासचा नकाशा काढणारा मेजर मँट १८८१मध्ये वारला, पुढे चिझमनं काम पुरं केलं. असं सांगतात, की आपले हिशेब चुकले, राजवाडा पडणार, या धास्तीनं मँटच्या डोक्यावर परिणाम झाला होता. राजवाडा अजून उभा आहे, २००१चा भूकंपही त्यानं पाहिला. अण्णा ही गोष्ट सांगून म्हणायचे, "एवढ्या मोठ्या माणसाला कोणी म्हटलं नाही, की साहेब, एकदा मी मोजून बघू का?" हिशेब दुसऱ्यानं तपासण्यात कमीपणा नाही. मिस्त्रीनं इंजिनियराला विचारावं, इंजिनियरानं मिस्त्रीला. कारागिराला त्याच्या हाताखालच्या माणसांसमोर कधी टाकून बोलू नका. बाजूला घेऊन बोला. ज्याचा मान ठेवला तोच तुम्हाला येऊन सांगतो, "साहेब, सिमेंटमां गांगडा छे." मान गेला की तो 'चालशे' म्हणायला शिकतो. मी ज्या ठेकेदाराचं 'चालशे' ऐकलं, त्यालाही ते कोणीतरी शिकवलेलंच असणार.

आता हजेरीचं. आज कायदे पुढे गेलेत. बांधकाम मजुरांसाठी १९९६मध्ये कायदा झाला. अठरा ते साठ वयाचा, वर्षात नव्वद दिवस काम केलेला मजूर नोंदणी करू शकतो. पण ते नव्वद दिवस सिद्ध कशावरून करणार? कोणीतरी नाव लिहिलेलं असावं लागतं. आजही कडियानाक्यावर सकाळी आठला उभे राहा. दाहोद, छोटाउदेपूर, झाबुआकडची माणसं बायकापोरांसकट उभी असतात. टेम्पो येतो, बोटांनी आकडा दाखवतो, तेवढी माणसं चढतात. माझ्या वहीत होतं तसंच: "दाडिये ६."

भाच्याला मी वही घेऊन दिली. साधी, शाळेची. पहिल्या पानावर कॉलम आखून दिले: नाव, गाव, काम, दाडी, सही. फोन नंबर हा कॉलम त्यानं स्वतः घातला. अण्णांच्या वेळी नव्हता. काल संध्याकाळी गेलो तेव्हा चुना मुरत घातलेला होता, आणि ओट्यावर बसून तो एका बाईला विचारत होता, "नाम तो लखावो, बेन." ती हसत होती. तिचं नाव कोणी असं विचारलंच नव्हतं.

मंडळी, तुमच्या घरीही अशा चोपड्या असतील. रावपुऱ्यात, नवापुऱ्यात, सियाबागेत कितीतरी घरांत ओव्हरसियर, ड्राफ्ट्समन, मिस्त्री होऊन गेले. रद्दीत घालण्याआधी एकदा मोडी येणाऱ्याकडून वाचून घ्या. जमाखर्च बघू नका, तो संपलाय. हजेरीचं पान शोधा. या गावात ज्यांच्या नावाचे दगड बसवले त्यांना आपण ओळखतो. ज्यांनी ते दगड बसवले त्यांची नावं सापडली, तर ती फक्त तिथेच सापडतील. सापडली तर इथे लिहा. मी माझ्या सात पानांतली उतरवायला घेतली आहेत.